संस्थेचा इन्शुरन्स असताना सोशल वर्करने स्वतःची वेगळी पॉलिसी घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही एका संस्थेत सोशल वर्कर आहात, संस्थेची पॉलिसी आहे, चार महिन्यांपासून संध्याकाळी स्वतःचं काउन्सेलिंगही सुरू केलंय, तर वेगळा इन्शुरन्स खरंच लागतो का की एजंट उगाच मागे लागलाय. माझ्या मते लागतो. का ते सांगते, थोडं लांबेल.

मीही बरीच वर्षं संस्थेची पॉलिसी म्हणजे माझीच पॉलिसी असं धरून चालले होते. एका जोडप्याच्या वेगळं होण्यात मुलाने कोणाकडे राहावं याचा रिपोर्ट मी लिहिला होता, दोन्ही घरी जाऊन, शाळेत बोलून, मुलाशी वेगळं बसून. रिपोर्ट ज्यांच्या विरोधात गेला त्यांनी तीन वर्षांनी माझ्यावर तक्रार केली, एकतर्फी लिहिलं आणि खासगी गोष्टी दुसऱ्या बाजूला सांगितल्या म्हणून. तोवर मी ती नोकरी सोडलेली. संस्थेच्या वकिलांना भेटायला गेले तर त्यांनी पहिल्याच पाच मिनिटांत स्पष्ट केलं की आम्ही संस्थेचे वकील आहोत, तुमचे नाही. आणि संस्थेने लेखी उत्तर दिलं ते असं की आमची पद्धत बरोबर आहे, वर्करने ती पाळली नसेल तर ती तिची जबाबदारी. मला फार लागलं ते, अजूनही आठवलं की त्रास होतो. तक्रार शेवटी फेटाळली गेली, पण त्याला दीड वर्ष लागलं आणि वकिलाची फी सगळी माझ्या साठवलेल्या पैशातून गेली. म्हणजे माझी काही चूक नव्हती तरी खर्च झालाच.

तुमच्या संध्याकाळच्या कामाचं तर उत्तर अजून सोपं आहे. संस्थेची पॉलिसी नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामापुरती असते. संध्याकाळचे क्लायंट त्यात येतच नाहीत, तुम्ही कितीही चांगले कर्मचारी असलात तरी.

आता पॉलिसी कोणती. बिझनेस इन्शुरन्स म्हणून जे पॅकेज दाखवतात त्यात बऱ्याचदा जागा, सामान आणि पब्लिक लायबिलिटी असते, म्हणजे क्लायंट तुमच्या खोलीत घसरून पडला तर. ते हवंच, पण तुमच्या सल्ल्यामुळे, रिपोर्टमुळे, किंवा न केलेल्या गोष्टीमुळे कोणी दावा केला तर त्याला प्रोफेशनल इंडेम्निटी लागते, कोणी तिला प्रोफेशनल लायबिलिटी म्हणतात, कोणी मालप्रॅक्टिस, गोष्ट एकच. ती पॅकेजमध्ये आहे असं गृहीत धरू नका, उलट कित्येक पॅकेजमध्ये व्यावसायिक सल्ला वगळला आहे असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

आपल्या कामात असे दावे का येतात हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही. आपण काही ऑपरेशन करत नाही ना. पण मुलाचा ताबा, आत्महत्येची शक्यता, घरातली मारहाण, गोपनीयता, यात आपण जे ठरवतो त्याने माणसांची आयुष्यं बदलतात. गोपनीयतेचं तर बोललं तरी अडचण आणि गप्प बसलं तरी अडचण. अमेरिकेत १९६९ मध्ये तातियाना तारासॉफ नावाच्या मुलीचा खून झाला, खून करणाऱ्याने आधी आपल्या थेरपिस्टला तसा इरादा सांगितला होता, थेरपिस्टने कॅम्पस पोलिसांना कळवलंही, त्यांनी त्याला धरून सोडून दिलं, पण मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कोणी काही सांगितलं नाही. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की जिच्या जिवाला धोका आहे तिचं रक्षण करण्यासाठी वाजवी पावलं उचलणं हे थेरपिस्टचं कर्तव्य आहे. तो खटला सायकॉलॉजिस्टचा होता, पण तोच प्रश्न आपल्याही टेबलावर येतो.

सगळ्यात जास्त लक्ष द्या ते पॉलिसी क्लेम्स-मेड आहे की ऑकरन्स याच्याकडे. ऑकरन्समध्ये घटना घडली तेव्हा पॉलिसी चालू होती एवढं पुरतं, दावा दहा वर्षांनी आला तरी त्याच वर्षाची पॉलिसी बघते. क्लेम्स-मेडमध्ये दावा येतो त्या दिवशी पॉलिसी चालू हवी, आणि घटना रेट्रो डेटच्या नंतरची हवी. ही रेट्रो डेट म्हणजे जिथपासूनचं तुमचं काम कंपनी धरते ती तारीख. मध्येच एक वर्ष रिन्यू केलं नाही किंवा कंपनी बदलली आणि नवीन कंपनीने जुनी तारीख मान्य केली नाही, की मागची सगळी कामं उघडी पडतात, आणि आपल्याकडे तक्रारी तर वर्षांनी येतात, माझीच तीन वर्षांनी आली. काम बंद करणार असाल तर टेल कव्हर म्हणजे पुढे येणाऱ्या दाव्यांसाठीची मुदत विकत घ्यावी लागते, ते लोक हमखास विसरतात.

मग वकिलाचा खर्च कव्हरच्या रकमेतूनच कापतात की त्याच्या वर वेगळा देतात ते विचारा. रकमेतूनच असेल तर लांबलेल्या केसमध्ये भरपाई द्यायला फार उरत नाही. लायसन्स देणाऱ्या बोर्डापुढची तक्रार कव्हर आहे का हेही विचारा, त्याला बऱ्याचदा वेगळी आणि छोटी मर्यादा असते. मुद्दाम केलेलं कृत्य किंवा क्लायंटशी शारीरिक संबंध यासाठीची भरपाई साधारण कुठलीच पॉलिसी देत नाही.

फॉर्म भरताना नुसतं काउन्सेलिंग लिहून मोकळं होऊ नका. होम व्हिजिट, ऑनलाइन सेशन, कोर्टासाठी रिपोर्ट, हाताखाली शिकणारे विद्यार्थी, क्लायंटला स्वतःच्या गाडीतून नेणं, जे करता ते सगळं लिहा. प्रीमियम थोडा वाढेल पण दाव्याच्या वेळी हे सांगितलं नव्हतं म्हणून हात वर करता येणार नाहीत. गाडीचं तर गाडीच्या विमा कंपनीलाही कळवा.

आणि तक्रारीचं नुसतं पत्र आलं, अगदी फोनवर धमकी मिळाली तरी कंपनीला लगेच लेखी कळवा, स्वतःहून माफीचं किंवा खुलाशाचं पत्र पाठवू नका, मनातून कितीही वाटलं तरी. नोट्स तर त्यानंतर अजिबात दुरुस्त करू नका. मला वाचवलं ते माझ्या त्याच दिवशी लिहिलेल्या, तारीख घातलेल्या नोट्सनीच.

तुमच्यासाठी मात्र पहिलं काम वेगळं आहे. चार महिने तुम्ही क्लायंट घेतलेत आणि ते चार महिने आत्ता कोणत्याच पॉलिसीत नाहीत. म्हणून क्लेम्स-मेड घेणार असाल तर पहिला क्लायंट घेतला ती तारीख रेट्रो डेट म्हणून लिहून मिळेल का हे एजंटला विचारा, आणि हप्त्याचं बोलणं त्यानंतर करा.