इन्व्हर्टेड पॅपिलोमा कॅन्सर नसेल, तर ऑपरेशन करायलाच हवं का?

बायॉप्सीत 'कॅन्सर नाही' आलंय, मग सायनसमधली (नाकालगतच्या हाडातल्या पोकळीतली) ही इन्व्हर्टेड पॅपिलोमा नावाची गाठ तशीच राहू दिली तर काय बिघडलं, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर ठेवू नका. ही गाठ स्वस्थ बसत नाही. वाढत जाते, आजूबाजूचं हाड झिजवते. शिवाय साधारण 5 ते 10 टक्के रुग्णांत तिच्यात कॅन्सर सापडतो किंवा पुढे होतो. बायॉप्सीला जातो तो चिमूटभर तुकडा; अख्ख्या गाठीचं काय ते ती काढून तपासल्यावरच कळतं. गोळ्या-स्प्रेनं ती जात नाही.

माझी डाव्या गालामागच्या सायनसमध्ये होती. डावीच नाकपुडी बंद, अधूनमधून रुमालावर रक्त. साधे पॉलिप, म्हणजे नाकातल्या अस्तराचे मऊ फुगवटे, बहुधा दोन्हीकडे होतात, म्हणून एकाच बाजूचं नाक चोंदत असेल तर डॉक्टर सावध होतात. आधी दुर्बीण, मग सीटी, वर एमआरआय. दोन-दोन स्कॅन कशाला, असं मलाही वाटलं. पण सीटीत माझा सायनस काठोकाठ भरलेला दिसत होता, आणि एमआरआयमध्ये त्यातला बराचसा नुसता तुंबलेला शेंबूड निघाला! सीटीचा उपयोग वेगळा. गाठीचं मूळ जिथे असतं तिथलं हाड बरेचदा जाड झालेलं असतं, ते त्यात दिसतं.

सगळं अडतं ते या मुळापाशी. सर्जनना थेट विचारा, मूळ कुठे वाटतंय आणि तिथलं हाड घासणार का? नुसतं वरचं मांस काढलं तर गाठ परत येण्याची शक्यता फार. हल्ली बहुतेकदा नाकातूनच दुर्बिणीनं करतात, चेहऱ्यावर टाका पडत नाही. गाठ कमी करत करत मुळापर्यंत जायचं, तिथलं अस्तर खरवडायचं आणि खालचं हाड ड्रिलनं घासायचं. कपाळाच्या सायनसमध्ये अडचणीच्या जागी असेल तर कधीकधी बाहेरूनही छेद घ्यावा लागतो.

नंतर दुखलं फारसं नाही, वैताग आणला तो खपल्यांनी. मिठाच्या पाण्यानं नाक धूत राहायचं, जोरात शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवायचं. काढलेल्या गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट मागून घ्या. आणि दुर्बिणीची तपासणी बरं वाटतंय म्हणून सोडू नका; ही गाठ काही वर्षांनीसुद्धा उलटते, आणि सुरुवातीला काहीच त्रास देत नाही.