बारा यार्ड म्हणजे बाराच यार्ड

प्रिय बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि तू पाठवलेला पूर्ण सामन्याचा व्हिडिओ त्याहून जास्त वेळा पाहिला. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या सर्वात मोठ्या लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, नाव आलं नाही, ऑगस्टअखेर कॅम्पमधून काढलं, आता एका इनडोअर संघाचा फोन आला आहे, कॅनडाच्या एका संघाची ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी, समोर आहे आणि घरी आई मास्टर्सच्या अर्जाची तारीख विचारते आहे. यातलं काय निवडू, असं तू विचारतोस. त्याचं उत्तर देईन, पण आधी दुसऱ्या क्वार्टरमधला तो डिग, म्हणजे सरळ धावून आत आडवं वळणं, पुन्हा लाव.

रूट, म्हणजे चेंडू झेलणाऱ्या रिसीव्हरने धावायचा ठरलेला मार्ग, बारा यार्डांचा होता. तू साडेदहावर वळलास. चेंडू तुझ्या पाठीमागून गेला आणि समोरच्या संघाच्या सेफ्टीने, म्हणजे सर्वात मागच्या बचावपटूने, झेलला. पत्रात तू लिहितोस, ‘क्वार्टरबॅकने मागे टाकला.’ चेंडू टाकणाऱ्या त्या खेळाडूने मागे टाकला नाही. तू वळायच्या आधीच चेंडू त्याच्या हातातून सुटला होता. तो माणसाकडे टाकतच नाही, जागेकडे टाकतो. मधला बचावपटू, लाइनबॅकर, मागे सरकत दहा-अकरा यार्डांवर उभा राहतो. बारावर आडवा गेलास तर त्याच्या पाठीमागून निघतोस. साडेदहावर गेलास तर थेट त्याच्या पुढ्यात. दीड यार्ड म्हणजे साडेचार फूट, एवढ्यासाठी अख्खी चाल गेली. आणि त्या संघाच्या बैठकीत व्हिडिओचा हाच तुकडा थांबवून कोणीतरी म्हणालं असेल, ‘हा बारा म्हटलं की साडेदहावर वळतो.’ तुला काढण्याचं कारण म्हणून एवढं वाक्य पुरतं.

बारा यार्ड म्हणजे बाराच यार्ड. या पत्रात हे मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. कंटाळलास तरी वाच.

तू म्हणशील, वेग असेल तर यार्डभर इकडेतिकडे चालतं. चालतं, पहिल्या दोन रिसीव्हरांना चालतं. त्यांच्यासाठी क्वार्टरबॅक वर्षभर थांबतो, त्यांच्या सवयी शिकतो. एनएफएलच्या कॅम्पात ९० जण असतात, मोसमात ५३ उरतात, त्यांत रिसीव्हर पाच किंवा सहा. प्रॅक्टिस स्क्वॉडवर, म्हणजे सरावाच्या राखीव यादीत, आणखी १६ जण, पण ते सगळ्या जागांचे मिळून. तू सहाव्या-सातव्या जागेसाठी धडपडतोस. तुझ्या वाट्याला अनोळखी क्वार्टरबॅक येणार, सरावाचे चार दिवस मिळणार आणि पाचव्या दिवशी सामना. चार दिवसांत तो तुझा स्वभाव शिकणार नाही. वहीत बारा लिहिलं आहे आणि तू बारावर असतोस, एवढंच तो शिकू शकतो. गावोगाव फिरणाऱ्या रिसीव्हरला दुसरं भांडवल नसतं. वेगवान मुलं दर मे महिन्यात नवी येतात.

आता पावलांच्या कामाला हात घालू. आतला पाय पुढे ठेवून उभं राहायचं, म्हणजे चेंडूच्या बाजूचा. पहिलं पाऊल मागच्या, बाहेरच्या पायाचं पडतं. त्यामुळे विषम आकड्यांची पावलं बाहेरच्या पायाची होतात. तिसऱ्यावर पाय रोवलास तर स्लँट (तिरकं आत), पाचव्यावर हिच (थोडं जाऊन चेंडूकडे वळणं), सातव्यावर कर्ल (तसंच, पण लांब जाऊन) किंवा डिग. आत वळायचं असेल तर विषम पावलावर, बाहेर वळायचं असेल तर सम. इथे एक घोटाळा होतो. रूटच्या झाडात, म्हणजे सगळ्या रूटना नंबर देणाऱ्या आराखड्यात, आकडे उलटे आहेत: २, ४, ६, ८ आत जातात आणि १, ३, ५, ७ बाहेर. डिग म्हणजे सहा नंबर, पण तो सातव्या पावलावर वळतो. नव्या संघात पहिल्या दोन दिवसांत थकल्यावर मुलं नेमकी इथे चुकतात.

सात पावलांत तुझे अकराच यार्ड होतात, ते मी मोजून पाहिलं. मग तू काय करतोस? घाईने आठवं पाऊल टाकतोस, आतल्या पायावर येतोस आणि त्या पायावरून आत वळायला अंग फिरवावं लागतं. खांदे वर येतात, तुझ्यावर नेमलेल्या बचावपटूला, कॉर्नरबॅकला, वळण आधीच दिसतं. हे टाळायला एकदा साडेदहावर उरकतोस, एकदा चौदापर्यंत वाहत जातोस. आठवं पाऊल टाकू नकोस. पहिली तीन पावलं लांब कर. तू उठताना सरळ उभा राहतोस म्हणून ती तोकडी पडतात. छाती पुढच्या गुडघ्यावर ठेवून निघ, तीन पावलांत अर्धा-पाऊण यार्ड सहज मिळेल. उरलेलं चौथ्या-पाचव्यात भरून निघतं.

सराव असा कर. आखलेल्या मैदानावर नको, तिथे पांढरी रेघ तुला सांगते कुठे वळायचं. शाळेमागचं साधं गवत बघ. मोजण्याची टेप, खुणेचे चार शंकू आणि एक मित्र. सुरुवातीच्या रेषेपासून बारा यार्ड मोज, पण तिथे शंकू ठेवू नकोस; मित्राला बाजूला उभं कर. तू जिथे पाय रोवशील तिथे त्याने नाणं टाकायचं. वीस वेळा धाव आणि प्रत्येक वेळी नाण्यापर्यंतचं अंतर वहीत लिही. बारापासून अर्ध्या यार्डाच्या आत आलं तरच बरोबर धर. मग पंधरा मिनिटं चढावर धावून ये आणि आणखी आठ कर. खरी परीक्षा त्या आठांची. पाय थकले की पावलं तोकडी होतात आणि शरीर पहिली चोरी खोलीचीच, म्हणजे रेषेपासून वळणापर्यंतच्या अंतराचीच, करतं. चौथ्या क्वार्टरमध्ये तुझे बारा आपोआप अकरा होतात आणि तुला वाटत असतं बाराच आहेत. ही चोरी मी केलेली आहे आणि तिच्याबद्दल याहून जास्त लिहिणार नाही.

कॉर्नरबॅकने चाल सुरू होते त्या रेषेवरच छातीवर हात मारून अडवलं तर पावलांचा हिशेब मोडतो. तेव्हा काय करायचं हे प्रत्येक संघात वेगळं असतं आणि कोणी आपणहून सांगत नाही. पहिल्याच दिवशी रिसीव्हरांच्या कोचला विचार: ‘अडवलं तर खोली पाळू की वेळ?’ काही जण म्हणतात उशीर झाला तरी बारावर जा, काही म्हणतात वेळ झाली की दहावर वळ. दोन्ही बरोबर आहेत. न विचारता तिसरंच काही करणं चूक आहे. उत्तर वहीत लिही. प्रत्येक संघासाठी वेगळी वही, आणि तीत पाच रकाने: या संघातलं रूटचं नाव, झाडातला आकडा, खोली, पावलं, आणि अडवल्यावर काय. नावं दर संघात बदलतात. आकडा आणि खोली तुझ्याजवळ राहते.

आता कॅनडा. तिथे खेळ वेगळा आहे आणि माझ्या मते तुझ्यासाठी जास्त योग्य आहे. मैदान ६५ यार्ड रुंद, बारा-बारा खेळाडू, आणि स्नॅपच्या, म्हणजे चेंडू खेळात येण्याच्या, आधी रिसीव्हर धावत रेषेकडे येऊ शकतात. त्याला वॅगल म्हणतात. धावत आलास की तुझी सात पावलं पंधरा यार्डांवर जातील, म्हणून जुनी मोजणी तिथे न्यायची नाही. रेषा ओलांडल्यानंतरची पावलं मोजायची. स्नॅपच्या क्षणी तू रेषेच्या मागे हवास. पाऊल पुढे पडलं की पाच यार्डांचा दंड. नवीन मुलं या दंडाच्या भीतीने शेवटच्या दोन पावलांत ब्रेक मारतात आणि वॅगलचा सगळा फायदा घालवतात. त्यापेक्षा अर्धा यार्ड मागून, पण पूर्ण वेगात ओलांड. आणि तिथे डाउन, म्हणजे दहा यार्ड पुढे जायच्या संधी, तीनच. दुसऱ्या डाउनला दहा यार्ड हवे असतील आणि तू सहावर झेललास, तर पुढची चाल बहुतेक वेळा पंट, म्हणजे लाथेने चेंडू समोरच्या संघाकडे उडवणं, असते. म्हणजे बाराचं महत्त्व तिथे आणखी वाढतं. रिसीव्हर जेरॉय सायमनने तिथल्या सीएफएल या लीगमध्ये झेलांमधून १६,३५२ यार्ड जमवले. विनिपेगमधून ब्रिटिश कोलंबियात गेला आणि त्यातले बहुतेक तिथे वर्षानुवर्षं क्वार्टरबॅक बदलत असताना जमवले. तो कुठे वळतो ते नीट बघ, उंच झेल नंतर बघ.

इनडोअरचं म्हणशील तर मैदान ५० यार्ड लांब, ८५ फूट रुंद आणि बाजूला भिंत. बहुतेक ठिकाणी आइस हॉकीच्या रिंगणावर टर्फच्या पट्ट्या अंथरलेल्या असतात. सामन्याआधी सगळे सांधे चालून पाहा, जिथे कड उचललेली दिसेल तिथे वळायचं नाही. लांब खिळ्यांचे बूट नेऊ नकोस, आखूड रबरी खिळ्यांचे ने. लांब खिळा सांध्यात अडकला की गुडघा जातो. भिंतीजवळ झेलताना आतला हात वर आणि बाहेरचा खांदा गादीला लावून सरक. हात पुढे करून भिंत अडवू नकोस, मनगट तिथेच मोडतं. पैसा सामन्यामागे काही शे डॉलर, वर राहणं. फोनवर काय सांगितलं याला किंमत नाही; राहणं, जेवण आणि उपचार करारात लिहून घे. एनएफएल किंवा सीएफएलने बोलावलं तर सोडतील, हे कलम नसेल तर सही करू नकोस.

दुखापत झाली तर त्याच दिवशी लेखी कळव आणि प्रत ठेव. संघ सोडताना डॉक्टर तपासतात आणि कागद पुढे करतात. दुखत असताना ‘मी तंदुरुस्त आहे’ यावर सही केलीस की पुढचा खर्च तुझ्या अंगावर. अमेरिकेत आईवडिलांच्या विम्यावर तू २६ वर्षांचा होईपर्यंतच राहू शकतोस. आज तू तेविसाचा आहेस. किती वर्षं द्यावीत, या तुझ्या प्रश्नाला पहिली मर्यादा इथेच लागते.

लीग टिकेल का, याची चिंता तू फार करतोस. टिकणार नाही असं धरून चाल. अलायन्स ऑफ अमेरिकन फुटबॉलने २०१९ मध्ये तीन वर्षांचे अडीच लाख डॉलरचे करार दिले आणि दहा आठवड्यांच्या मोसमात आठ आठवड्यांनंतर २ एप्रिलला सगळं थांबवलं. २०२० ची एक्सएफएल पाच आठवड्यांत कोविडने बंद पडली. एरिना फुटबॉल, म्हणजे इनडोअरची लीग, १९८७ पासून चाललं, २००९ चा मोसम रद्द झाला, पुन्हा उभं राहिलं, २०१९ मध्ये पुन्हा दिवाळं निघालं. त्या मुलांपैकी ज्यांच्याकडे प्रत्येक सामन्याचा व्हिडिओ होता, त्यांच्याकडे निदान पुढच्या संघाला दाखवायला काही होतं. दर सोमवारी व्हिडिओ मागून घे. लीग बंद पडल्यावर ते द्यायला ऑफिसात कोणी नसतं.

आणि एरिना फुटबॉलमधून एनएफएलमध्ये गेलेल्या कर्ट वॉर्नरचं नाव पुन्हा पत्रात घेऊ नकोस. तो क्वार्टरबॅक होता. तुझी वाट विन्स पपाली आणि काव्हॉन्टे टर्पिन यांच्या जवळची आहे. पपाली वर्ल्ड फुटबॉल लीगच्या फिलाडेल्फिया बेलमध्ये रिसीव्हर होता, १९७६ मध्ये तिशीत एनएफएलच्या ईगल्समध्ये गेला, तीन मोसम टिकला आणि तेवढ्या काळात त्याचा झेल एकच, १५ यार्डांचा. टिकला तो पंट आणि किकऑफवर, म्हणजे लाथेने उडवलेल्या चेंडूमागे, धावून. टर्पिन पोलंडमधल्या व्रोत्सवाफच्या संघात खेळला, २०२२ मध्ये यूएसएफएल या दुसऱ्या अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्याच उन्हाळ्यात एनएफएलच्या डॅलस संघात गेला आणि त्याच मोसमात रिटर्नर, म्हणजे लाथेने आलेला चेंडू घेऊन परत धावणारा, म्हणून प्रो बोलमध्ये, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंत, निवडला गेला. संघांना दाखवायच्या तुझ्या तीन मिनिटांच्या व्हिडिओत पंट कव्हरेजचा, म्हणजे पंटमागे धावण्याचा, एकही तुकडा नाही. हे मला सर्वात जास्त खटकलं. संगीत काढून टाक, स्नॅपच्या आधी स्वतःभोवती गोल कर, पहिल्या दहा चालींत दोन ब्लॉक (बचावपटूला अडवणं) आणि दोन पंट घाल. आणि प्रत्येक रूट नेमक्या खोलीवरचा निवड. बोटांनी झेललेला सुंदर चेंडू असेल पण तू दहावर असशील, तर तो तुकडा व्हिडिओत घेऊ नकोस.

लोक म्हणतात, मी खोलीचा अतिरेक करतो. करतो. उंची, तळहाताची लांबी, चाळीस यार्डांचा वेळ हे सगळं जन्माने किंवा नशिबाने येतं. बारावर वळणं हे पूर्ण तुझ्या हातात आहे, म्हणून त्यात सूट नाही.

तर, कॅनडाच्या ट्रायआउटला जा. शुल्क भरण्याआधी संघाच्या अधिकृत यादीत तारीख आणि मैदान पडताळ. संघाचं नाव लावून पैसे घेणारेही फिरतात. तिथून काही आलं नाही तर इनडोअरचा एक मोसम खेळ, तोही वर सांगितलेली कलमं लिहून मिळाली तरच. मास्टर्सचा अर्ज मात्र भर. आई चुकत नाहीये, आणि प्रवेश मिळाल्यावर पुढे ढकलता येतो का, हे विद्यापीठाला एका ईमेलमध्ये विचारता येतं.

शनिवारी टेप घेऊन जा. वीस आणि आठ, दोन्हींचे आकडे मला पाठव, जसे येतील तसे, एकही न गाळता. रविवारी सकाळी बघून फोन करतो.

तुझा,
काका