मुंबई–न्यूयॉर्क विमान रशिया-आइसलँडवरून का जातं? सरळ का नाही?

तुमचा प्रश्न असा: आईंचं मुंबई–न्यूयॉर्क तिकीट काढलंय, नकाशात विमानाची रेघ मॉस्को, आइसलँड करत वर चढून खाली उतरताना दिसते. त्यापेक्षा सौदी, इजिप्त, मोरोक्को आणि मग अटलांटिक अशी आडवी रेघ मारली तर जवळ पडणार नाही का?

नाही पडणार. उलट सोळा-साडेसोळाशे किलोमीटर लांब पडेल. विमानाच्या वेगाने हिशेब केला तर जवळजवळ दोन तास.

मी ठाण्यात अकरावी-बारावीच्या गणिताच्या शिकवण्या घेतो. निम्म्या पोरांचं कुणी ना कुणी न्यू जर्सीत असतं, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी येतोच. फळ्यावर तो पटवून देता येत नाही, कारण फळा सपाट आणि सगळा घोळच सपाटपणाचा. म्हणून गोखले रोडवरून एक पृथ्वीगोल आणलाय आणि सोबत शिवणाचा दोरा ठेवतो. एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबायचं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणायचं. पोरं हट्टाने दोरा आधी इजिप्तवरून धरतात. पण ताण दिला की तो तिथे टिकत नाही, सरसर उत्तरेला घसरतो आणि वरचा उरलेला दोरा बोटात येतो. स्थिरावतो तो सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानवरून मॉस्कोजवळ, मग हेलसिंकी, नॉर्वेतलं ट्रॉनहेम, आइसलँडचं रेक्याविक यांच्या अगदी जवळून आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला जवळजवळ खेटून. तुम्हाला स्क्रीनवर दिसलेली कमान ती हीच. भूगोलाच्या पुस्तकात याला बृहद्‌वृत्त म्हणतात: पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने (सपाट छेदाने) पृष्ठभागावर उमटणारं वर्तुळ. गोलावरच्या दोन ठिकाणांमधलं सगळ्यात कमी अंतर नेहमी याच वर्तुळावर मिळतं.

उत्तरेला गेल्याने अंतर वाचतं कसं? न्यूयॉर्क आपल्यापासून सुमारे १४७ रेखांश दूर आहे आणि ते सगळे कुठेतरी ओलांडायचेच आहेत. मुंबईच्या अक्षांशावर एक रेखांश ओलांडायला साधारण १०५ किलोमीटर लागतात. हेलसिंकीच्या आसपास, ६० अंशांवर, तेच काम ५६ किलोमीटरमध्ये होतं. तेव्हा आधी वर चढायचं, स्वस्तात रेखांश ओलांडायचे आणि मग खाली यायचं. चढण्या-उतरण्याचा खर्च धरूनही सौदा फायद्याचा ठरतो.

आपल्या डोक्यात बसलेला नकाशा मात्र मर्केटर नावाच्या नकाशाकाराचा, १५६९ सालचा. तो खलाशांसाठी होता. त्यावर सरळ रेघ मारली की होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज हाकता येतं. त्या सोयीपायी ६० अंशांवरची लांबी नकाशात दुप्पट ताणली जाते, म्हणून तिकडून जाणारी वाट उगाच लांबलचक दिसते. मर्केटरला दोष देण्यात अर्थ नाही. शाळेच्या भिंतीवर तोच नकाशा टांगणाऱ्यांना देता येईल.

आकडा स्वतः काढायचा असेल तर कॅल्क्युलेटर घ्या. मुंबई आणि न्यूयॉर्कचे अक्षांश १९.०९ आणि ४०.६४, रेखांशांतला फरक १४६.६५. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार ०.२१३. दोन्हींचे कोसाइन आणि रेखांशाच्या फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार उणे ०.५९९. बेरीज उणे ०.३८६. ज्या कोनाचा कोसाइन एवढा येतो तो, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापाशी दोन शहरांमधला कोन, ११२.७ अंश. एका अंशाला १११.२ किलोमीटर, म्हणजे सुमारे १२,५३० किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्यामुळे थोडा फरक पडतो, पण आपल्या कामापुरतं एवढं पुरे.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट दिशेची आहे. या वाटेवर मुंबई सोडताना विमानाचं तोंड जवळजवळ उत्तरेकडे असतं, थोडं पश्चिमेला कललेलं. आइसलँडच्या थोडं अलीकडे ते बरोबर पश्चिमेला असतं आणि न्यूयॉर्क गाठताना नैर्ऋत्येला. आणि एवढं होऊनही वाटेत ते कुठेच वळलेलं नसतं!

आता व्यवहाराचं. विमान या दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही. कंपनीला किलोमीटर नाही, इंधन आणि वेळ वाचवायचा असतो. नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात ते. जाताना ते चुकवायचे, येताना पाठीशी घ्यायचे, म्हणून परतीला वेळ कमी लागतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर हजाराहून जास्त किलोमीटरने वाढलं, पण वारा पाठीशी असल्यामुळे वेळ सुमारे दोन तासांनी घटला.

शिवाय राजकारण. २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश बंद, भारतीय कंपन्यांना नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागलं. त्यामुळे तुम्हाला दिसलेली रेघ ही बहुधा नुसती गणिताची आहे. खरी वाट बघायची तर फ्लाइट नंबर टाकून ट्रॅकिंग ॲपवर मागच्या आठवड्यातल्या फेऱ्या बघा, रोज थोडी वेगळी दिसेल.

आईंना खिडकी हवी असेल तर जाताना उजवीकडची घ्या, उत्तर त्या बाजूला राहते. विमान ग्रीनलँडच्या टोकाजवळून गेलंच, उजेड असला आणि ढग नसले, तर बर्फ दिसायची शक्यता तिकडूनच. बाकी त्या वेळी क्रू खिडक्या बंद करायला लावतो, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.