सोळा लाखांची बोट आणि न लिहिलेले पस्तीस लाख

फोंड्याच्या एका वाचकांचं पत्र आहे. मर्चंट नेव्हीत तीस वर्षं काढून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले, वय 61. झुआरी नदीत, चिखलीच्या बाजूला नांगरलेली एक 34 फुटी शिडाची बोट त्यांच्या मनात भरली आहे. फायबरची, 1970च्या दशकात इंग्लंडमध्ये बांधलेली. मालक 16 लाख मागतोय. त्यांचा बेत असा: 22 लाखांची एफडी मोडायची, 16 ची बोट, उरलेल्या 6 मध्ये डागडुजी. वर्षाचा खर्च त्यांनी 1 लाख 20 हजार धरलाय. शनिवार-रविवार नदीत, हिवाळ्यात मालवण आणि कारवार, पुढे जमलं तर लक्षद्वीप. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "घरी अजून बोललेलो नाही."

नमस्कार. उत्तर आधीच देतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. ही बोट, या किमतीला, एकट्याने घेऊ नका. अर्ध्या वाट्याने घेता येईल, पण काही अटी आहेत.

तुमचा हिशेब कुठे चुकला ते सांगतो. तुम्ही खर्च किमतीवरून धरलात. 16 लाखांची बोट, म्हणून वर्षाला सात-आठ टक्के. मोटारीच्या बाबतीत असं चालून जातं. बोटीच्या डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांना मात्र तुम्ही ती स्वस्तात घेतली की महागात, हे ठाऊक नसतं. 34 फुटी बोटीला तार तेवढीच लागते, शीड तेवढंच, तळाचा रंगही तेवढाच. नवी कोरी असती तरी हेच बिल आलं असतं. जुनी बोट घेताना सूट फक्त सांगाड्यावर मिळते.

तुम्ही सोबत जोडलेली दरपत्रकं आणि रखवालदाराचा पगार यांवरूनच मी आकडे मांडले. नांगरायची जागा आणि रखवालदार महिन्याला 8,000, म्हणजे वर्षाला 96,000. पावसाळ्यात क्रेनने वर काढणं, यार्डातले चार महिने आणि परत पाण्यात सोडणं 85,000. तळ खरवडून बार्नेकल (चिकटून वाढणारे शिंपल्यासारखे जीव) काढणं, ते पुन्हा धरू नयेत म्हणून अँटीफाउलिंग रंग, धातूच्या भागांना गंज लागू नये म्हणून झिंकचे तुकडे 45,000. विमा 30,000. डिझेल आणि किरकोळ सामान 40,000. बेरीज 2 लाख 96 हजार. यात काहीही मोडलेलं नाही, हे लक्षात घ्या.

आता मोडणारं. स्टेनलेस स्टीलच्या तारा साधारण दहा-पंधरा वर्षांत बदलाव्या लागतात. या बोटीच्या कधी बदलल्या ते मालकाला सांगता आलं नाही, असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा त्या बदलायच्याच असं धरा: 4 लाख. शिडं 5 लाख. गोव्याचं ऊन शिवण आधी खातं, कापड नंतर. जुनं डिझेल इंजिन उघडून बांधणं साडेतीन लाख, आणि ही मजुरी तुमची स्वतःची धरून. वायरिंग, पंप, गाद्या दीड लाख. एकूण 14 लाख. सात वर्षांवर पसरले तर वर्षाला 2 लाख. म्हणजे खरा खर्च वर्षाला 4 लाख 96 हजार, आणि सात वर्षांत 34 लाख 72 हजार. वर किमतीचे 16 आहेतच. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. इथे मसाला निदान दुपटीवरच थांबला.

तुमची आवक बघू. सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये कमाल मर्यादेचे 30 लाख, 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500, म्हणजे महिन्याला 20,500. वास्कोच्या फ्लॅटचं भाडं 14,000. वहिनींचं शिक्षिकेचं पेन्शन 41,000. एकूण 75,500. घरखर्च तुम्ही 62,000 लिहिलाय. महिन्याला 13,500 उरतात, वर्षाला 1 लाख 62 हजार. बोटीला हवेत 4 लाख 96 हजार. दरवर्षी 3 लाख 34 हजारांचं भोक, आणि ते बुजवायला म्युच्युअल फंडातले 48 लाख, असं तुम्ही सुचवलंय.

तिथे दोन अडचणी. इक्विटी फंडातला दीर्घकालीन नफा वर्षाला सव्वा लाखाच्या वर गेला की 12.5 टक्के कर लागतो, आणि नव्या कररचनेत 12 लाखांपर्यंत कर नाही म्हणतात ती सवलत या नफ्याला लागू होत नाही. ही झाली छोटी अडचण. मोठी अशी की तुम्ही कॉन्ट्रॅक्टवर काम केलंत, तुम्हाला पेन्शन नाही. ते 48 लाख हेच तुमचं सत्तरीनंतरचं पेन्शन आहे. बचत योजनेचं व्याज पाच वर्षं आहे तिथेच राहतं, घरखर्च राहत नाही. महागाईबरोबर वाढणारी एकच ठरलेली आवक या घरात आहे, आणि ती वहिनींची आहे. म्हणून "घरी अजून बोललेलो नाही" ही मला पत्रातली सगळ्यात महाग ओळ वाटली.

तीस दिवस बोटीवर जाल, असा तुमचा अंदाज आहे. 4 लाख 96 हजार भागिले 30. एका दिवसाचे साडेसोळा हजार. यंदा ऑक्टोबर ते मे दहा दिवस कुणाची तरी बोट भाड्याने घ्या, वहिनींना बरोबर न्या, एक रात्र बोटीवर झोपा. इंजिनरूममधला माणूस समुद्राला सरावलेला असतो, पण शिडाच्या बोटीची कलती जमीन वेगळी. तिथे गॅसवर चहा ठेवून बघा.

नौदलातले निवृत्त अधिकारी अभिलाष टोमी यांचा दाखला तुम्ही दिलाय. बरोबर आहे, 2022-23 च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत ते 36 फुटी जुन्या आराखड्याच्या बोटीतून जग फिरून दुसरे आले. पण त्यांच्यामागे प्रायोजक होता आणि सुटण्याआधी बोटीवर भरपूर काम झालं होतं. गोव्याचा दाखला मला दुसऱ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. नौदलाचे दिलीप दोंदे 2009-10 मध्ये ज्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती आपल्या गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधली. म्हणजे फायबरचं काम करणारे कसबी हात इथे आहेत. सांगाड्याची दुरुस्ती गोव्यात नीट होते. तारा, विंच (दोर ओढायची चाकं), शिडं मात्र बाहेरून येतात आणि आपला पैसाही तिथेच जातो.

बोट पाण्यात असताना बयाणा देऊ नका. काही वर्षांपूर्वी माझ्या एका अशिलाबरोबर मी यार्डात गेलो होतो. बोट तपासायला आलेला सर्व्हेयर प्लास्टिकच्या छोट्या हातोडीने तळ ठोकत पुढे सरकत होता. टक, टक, टक, आणि सुकाणूच्या थोडं पुढे एकदम थप. त्याने खडूने वर्तुळ काढलं. संध्याकाळपर्यंत अशी अकरा वर्तुळं झाली. फायबरच्या थरांत पाणी शिरलं की फोड येतात, आणि ते वाळवायला महिने जातात. मग आत जाऊन त्याने कपाटामागची, तारा जिथे बोटीला धरतात ती पट्टी उघडली. वरून चकचकीत. बोल्टला पाना लावला आणि बोल्ट अर्धा तुटून हातात आला. मालक म्हणाला, "गेल्याच महिन्यात मालवणला जाऊन आलो." अशिलाने सौदा सोडला. सर्व्हेयरच्या फीबद्दल तो अजून कुरकुरतो.

तर सर्व्हेयर तुम्ही नेमा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. डेकवर सागाच्या पट्ट्या आहेत असं तुम्ही कौतुकाने लिहिलंय. त्या काळच्या बोटींत त्या स्क्रूने ठोकलेल्या असत, आणि प्रत्येक स्क्रू म्हणजे पाणी आत जायची एक वाट. तिथे ओलावा मोजून घ्या.

कागदपत्रांचं मला तळाहून जास्त भय वाटतं. ही बोट एका परदेशी माणसाने इथे आणली आणि नंतर दोनदा हात बदलले, असं तुम्ही म्हणता. तेव्हा सीमाशुल्क भरलं होतं का? बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीच्या वेळी कस्टम्सकडे दाखल केलेला कागद, मागा. नसेल, तर बोट स्वस्त नाही, अडकलेली आहे; कस्टम्स जप्त करू शकतं. नव्या नौकाविहाराच्या बोटींवर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे, त्यामुळे जुन्या बोटीकडे वळण्याचा मोह मला समजतो. पण शुल्क न भरलेल्या बोटीला तुमची म्हणायचं कशाच्या जोरावर? बंदर कप्तान खात्याकडे नोंदणी कुणाच्या नावावर आहे हेही स्वतः पणजीला जाऊन बघा. झेरॉक्सवर विश्वास नको.

पर्यटकांना फिरवून खर्च काढू, हा विचार सोडून द्या. त्याला व्यावसायिक नोंदणी, परवानाधारक खलाशी आणि वेगळा विमा लागतो. खासगी विम्यावर पाहुणे नेले आणि अपघात झाला, तर घरावर येईल.

विकताना काय? स्वतःच्या वापराची बोट ही आयकराच्या भाषेत घरातल्या फ्रिजसारखी: नफ्यावर कर नाही, तोटाही कुठे वजा करता येत नाही. (संपत्तीकर होता तेव्हा मात्र यॉट त्या यादीत नावानिशी होती. 2015च्या अर्थसंकल्पाने तो कर गेला, तेवढंच समाधान.) भारतात अशा बोटीला गिऱ्हाईक मोजकी. मिळेपर्यंत रखवालदाराचे 8,000 चालूच.

आता अर्ध्या वाट्याचं गणित. तुमचे मुंबईचे जुने सहकारी तयार आहेत म्हणता. सर्व्हेनंतर किंमत 12 लाखांवर आणा. तारांचे 4 लाख दाखवून भाव पाडायला तुम्हाला सबळ कारण आहे. तुमचे 6 लाख. मोठ्या कामांतला वाटा 7 लाख. हे 13 एफडीतून घ्या, 9 लाख दवाखान्यासाठी आणि अडीअडचणीला तसेच ठेवा. वर्षाचा चालू खर्च 1 लाख 48 हजार, जो 1 लाख 62 हजारांच्या शिलकीत बसतो. जेमतेम बसतो, दोनेक वर्षांत टोचायला लागेल, तेव्हा वहिनींच्या महागाई भत्त्यावर डोळा न ठेवता बोटीवरचे दिवस कमी करा. फंडांना हात नाही. 12 वर मालक उतरला नाही, तर 25-26 फुटी बोट बघा. मालवणपर्यंत तीही जाते.

सहकाऱ्यांशी करार साध्या कागदावर का होईना, पण लेखी करा. त्यात एक कलम आठवणीने घाला: दोघांपैकी एकाला बाहेर पडायचं झालं तर दुसऱ्याने नव्वद दिवसांत वाटा घ्यायचा, नाहीतर बोट विक्रीला काढायची, आणि विकली जाईपर्यंतचा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा. सह्या चार हव्यात, दोन तुमच्या आणि दोन घरच्यांच्या.