टीआर मजकुराचे भाषांतर करतो का?

प्रश्न असा आहे: शेलच्या (टाइप केलेल्या आज्ञा संगणकाकडून पाळून घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आज्ञांवर मराठीत टिपण लिहिताना ‘अपरकेस’साठी ‘मोठी अक्षरे’ लिहिले तर चालेल का? आणि ‘टीआर’ (tr) या मजकुरातली अक्षरे बदलणाऱ्या आज्ञेचे नाव ‘ट्रान्सलेट’चे आखूड रूप आहे, म्हणून ‘टीआर मजकुराचे भाषांतर करतो’ म्हणता येईल का?

‘मोठी अक्षरे’ मी तरी लिहिणार नाही. मराठीत मोठे-लहान म्हटले की आकार आला. ‘मजकूर मोठ्या अक्षरांत करा’ हे वाचून कोणी फॉन्ट वाढवला तर चूक वाचणाऱ्याची नाही. मूळ इंग्रजी शब्दाचाही आकाराशी संबंध नाही, तो छापखान्यातून आला. जुळाऱ्यापुढे खिळ्यांच्या दोन पेट्या असत आणि कॅपिटलचे खिळे वरच्या पेटीत राहत. पण ‘वरची पेटी’ असे मराठी करून कोणाला काय कळणार? ‘मोठी लिपी’ हा शब्द बरा आहे, निदान आकाराचा घोळ कमी होतो. सर्वांत सरळ मात्र ‘कॅपिटल’च. ‘कॅपिटलमध्ये लिहा’, ‘अक्षरे कॅपिटल करा’ असे आपण रोज बोलतो. तो शब्द आता आपला आहे, टिपणात बिनदिक्कत वापरावा.

टीआरचा प्रश्न अधिक गोड आहे. भाषांतरात अर्थ एका भाषेतून दुसरीत जातो, लिप्यंतरात उच्चार. टीआरला अर्थही कळत नाही आणि उच्चारही. त्याला दोन याद्या द्यायच्या: पहिलीत स्मॉल ए ते झेड, दुसरीत कॅपिटल ए ते झेड. मग पहिल्या यादीतले तिसरे अक्षर दिसले की तो त्याच्याबद्दल दुसऱ्या यादीतले तिसरे अक्षर ठेवतो. बाकी सारे जसेच्या तसे.

याला आपल्या व्याकरणात नेमका शब्द आहे: आदेश. ‘प्रति’ आणि ‘एक’ मिळून ‘प्रत्येक’ होताना इ-बद्दल य् येतो, ‘सु’ आणि ‘आगत’ मिळून ‘स्वागत’ होताना उ-बद्दल व्. हा यणादेश. पाणिनीनेही इथे दोन याद्याच समोरासमोर ठेवल्या आहेत, इ उ ऋ लृ आणि य व र ल. आणि सारख्या लांबीच्या याद्यांतले वर्ण अनुक्रमे जुळवायचे, असे ‘यथासंख्यमनुदेशः समानाम्’ हे वेगळे सूत्रच केले आहे. टीआर हेच करतो! फक्त ‘समानाम्’ची अट तो पाळत नाही. दुसरी यादी आखूड पडली, तर जीएनयूचा (लिनक्सवर सहसा असतो तो) टीआर तिचे शेवटचे अक्षर पुन्हा पुन्हा वापरून भरती करतो.

अडचण एवढीच, की संगणकाच्या मराठीत ‘आदेश’ म्हणजे ‘कमांड’ही होतो. म्हणून मी कमांडला ‘आज्ञा’ म्हणतो आणि टीआरच्या कामाला ‘अक्षरबदल’. ‘बदल’ हा अरबीतून आलेला शब्द, मुळात ‘एकाच्या जागी दुसरे’ याच अर्थाचा. ‘इ-बद्दल य्’ मधला ‘बद्दल’ही त्याच घरचा.

अक्षरास अक्षर ही मर्यादा ‘भाषांतर’ या शब्दाने झाकली जाते. जर्मनमधला दुहेरी एससारखा वर्ण (ß) कॅपिटल करताना रूढीने दोन एस लिहितात. एकाबद्दल दोन देणे टीआरला जमत नाही. जीएनयूचा टीआर तर अक्षरे नव्हे, बाइट मोजतो, त्यामुळे फ्रेंचमधला डोक्यावर तिरपी रेघ असलेला ई (é) तसाच राहतो. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल भेदच नाही. तिचे यूटीएफ-८ मधले (अक्षरे बाइटांत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीतले) सगळे बाइट १२७ च्या वरचे असल्याने ए ते झेडच्या यादीत ते सापडत नाहीत, आणि मराठी मजकूर सुखरूप बाहेर येतो.

टिपणात आणखी एक वाक्य टाळावे: ‘फाइल कॅपिटल करा’. मजकूर की नाव? ‘फाइलीतला मजकूर’ किंवा ‘फाइलीचे नाव’ असे स्पष्ट लिहावे, कारण कामे वेगळी आहेत. मजकूर टीआर बदलतो, पण तो फक्त पडद्यावर दाखवतो. निकाल त्याच फाइलीत वळवायला गेलात, तर टीआर काही वाचायच्या आधीच शेल ती फाइल रिकामी करतो. माझे एक अख्खे टिपण असे गेले आहे. निकाल दुसऱ्या नावाने ठेवावा.

नाव बदलणे हे एमव्हीचे काम. नवे नाव कॅपिटलमध्ये बनवायला बॅश हा शेल मदत करतो. त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००९ पासून, महिरपी कंसात व्हेरिएबलच्या (मजकूर साठवायच्या जागेच्या) नावानंतर दोन टोपीची चिन्हे (^^) दिली की त्यातला मजकूर कॅपिटल होऊन मिळतो. मॅकबरोबर येणारा बॅश ३.२ आहे, तिथे हे चालत नाही. एका फोल्डरमध्ये फक्त पहिल्या अक्षराच्या कॅपिटल-स्मॉलने वेगळ्या असलेल्या दोन फाइली असतील, तर दोघींचे नवे नाव एकच होते आणि दुसरी पहिलीला पुसून टाकते. एमव्हीला डॅश आय (-i) दिले की तो आधी विचारतो.