उत्तर: नेरोनी स्लेड यांच्यावरचा प्रबंध आणि 'समोआ' शोधताना हाती येणारे भलतेच कागद

तुम्ही लिहिलंय की एलएल.एम.चा प्रबंध तुइलोमा नेरोनी स्लेड यांच्यावर करताय आणि पॅसिफिक महासागरातल्या समोआ या द्वीपराष्ट्राचे महान्यायवादी म्हणून त्यांचा 1976 ते 1982 हा काळ शोधायला गेलं की भलतंच काहीतरी सापडतं. वाचून पोटात गोळाच आला. माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण याच पायी गेलं.

थेट चुकीवर येते. 1962 साली स्वतंत्र झालेला हा देश 1997पर्यंत 'पश्चिम समोआ' या नावाने होता. म्हणजे जुन्या इंग्रजी सूच्यांमध्ये तो डब्ल्यूखाली, 'वेस्टर्न समोआ' म्हणून. मी एसखाली 'समोआ' बघत बसले. तिथे मिळतो तो अमेरिकन समोआ! तो अमेरिकेच्या ताब्यातला प्रदेश, राजधानी पागो पागो, आणि महान्यायवादी त्यांच्याकडेही असतो. त्या कागदांवर मी 38 पानं लिहिली. परीक्षकांनी पहिल्याच पानाच्या समासात पेन्सिलीने एवढंच विचारलं होतं, 'आपिया की पागो पागो?' आपिया ही स्लेड यांच्या समोआची राजधानी. ती पेन्सिल अजून डोळ्यांसमोर आहे.

मुदतवाढीसाठी ज्या कार्यालयात गेले, तिथे अर्ज तीनदा परत आला. एकदा तर सही निळ्या शाईत नाही म्हणून. चूक माझी होती, मान्य. पण विद्यार्थ्याचं वर्ष पणाला लागलेलं असताना खिडकीआडून नुसतं 'उद्या या' म्हणणं मला आजही पटत नाही. प्रत्येक अर्जाची पोच घ्या.

आणखी एक. आपला महान्यायवादी संसदेत बोलू शकतो, ती चौकट समोआवर लावू नका. त्यांच्या राज्यघटनेचं कलम 41 मुळातून वाचा. 'तुइलोमा' हे पाळण्यातलं नाव नाही, मताई म्हणजे कुळप्रमुखाची पदवी आहे, तेव्हा 'स्लेड' म्हणूनही शोधा. आणि हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात न्यायाधीश म्हणून त्यांची 2003 ते 2006 ही तीनच वर्षं बघून काही बिनसलं असेल असं समजू नका. पहिल्या 18 न्यायाधीशांच्या मुदती चिठ्ठ्या टाकून ठरल्या, त्यांना 3 वर्षांची आली.

माझं मत विचाराल तर महान्यायवादीपदावर एकच प्रकरण ठेवा. खरा ऐवज न्यूयॉर्कमध्ये आहे. 1993 ते 2003 ते संयुक्त राष्ट्रांत समोआचे प्रतिनिधी होते आणि 1997पासून लहान द्वीपराष्ट्रांच्या आघाडीचे अध्यक्ष. समुद्र चढला तर ज्यांची जमीनच जाणार, अशा देशांची बाजू या वकिलाने तिथे मांडली. ते वाचताना मी पहिल्यांदा विषयात रमले. अर्थात मी पॅसिफिकची तज्ज्ञ नाही, आता सत्र न्यायालयात वकिली करते. अंतिम शब्द तुमच्या मार्गदर्शकांचा.

पश्चिम समोआच्या माझ्या टिपणांची फाइल अजून आहे. हवी असेल तर सांगा, रविवारी स्कॅन करून पाठवते.