नव्या शहरात एकटीने सोशल डान्सिंगला जायचं तर

तू लिहिलंयस की पुढच्या महिन्यात परदेशी शिफ्ट होतेयस, दोनेक वर्षं सालसा आणि बचाता ही जोडीने करायची नृत्यं केलीयस, तिकडे ओळखीचं कुणीच नाही, मग सोशलला, म्हणजे जिथे लोक जमून पार्टनर बदलत मोकळेपणाने नाचतात तिथे, एकटीने गेलं तर चालतं का आणि आपली लेव्हल कमी पडेल का. ताई म्हणालीस म्हणून हक्काने सांगते, एकटीच जा. आधी ग्रुप जमवू मग जाऊ असं करत बसलीस तर वर्ष निघून जाईल, आणि तसंही तिथे बरेच जण एकटेच आलेले असतात, ग्रुपने आलेली मंडळीच उलट आपापसात नाचून घरी जातात.

बहुतेक ठिकाणी सोशलच्या आधी तासाभराचा क्लास असतो. तुला बेसिक येतं तरी त्या क्लासला जायचंच. शिकण्यासाठी नाही गं, त्यात दर दोन मिनिटांनी पार्टनर बदलतात, म्हणजे तास संपेपर्यंत खोलीतल्या निम्म्या लोकांशी नाव सांगून झालेलं असतं आणि नंतर तेच लोक तुला विचारायला येतात किंवा तू त्यांना. हो, तू पण विचारायचं, फॉलो करणाऱ्यांनी, म्हणजे समोरच्याच्या इशाऱ्यावर नाचणाऱ्यांनी, वाट बघत बसायचं असला काही नियम नाही. सुरुवातीचा एक तास सोडू नकोस, तेव्हा फ्लोअर मोकळा असतो आणि लोकांना बोलायला वेळ असतो, रात्र चढली की मुरलेले लोक एकमेकांबरोबरच नाचत राहतात.

आता लेव्हलचं. खरी अडचण लेव्हलची नसते, स्टाइलची असते. तू शिकलीस ते बहुतेक ऑन वन असेल, म्हणजे आठच्या मोजणीत एकच्या बीटवर ब्रेक (दिशा बदलणारं पाऊल). काही शहरांत सगळे ऑन टू नाचतात, ज्याला न्यूयॉर्क स्टाइल म्हणतात आणि जी तिथले नृत्यशिक्षक एडी टोरेस यांच्या शिकवण्यामुळे जगभर पसरली, त्यात ब्रेक दोन आणि सहावर येतो. आणि काही ठिकाणी क्युबन, तिथे सरळ रेषेत ये-जा नसतेच, दोघं एकमेकांभोवती फिरत राहतात, शिवाय मध्येच सगळे गोल करून रुएदा सुरू करतात आणि एक जण मूव्हची नावं ओरडतो. पहिल्या दिवशी पाय गोंधळणार, गोंधळू देत. गाणं सुरू होताना सरळ विचार, ऑन वन की ऑन टू, सगळेच विचारतात, आणि एक ते आठ मोजणीचे पहिले दोन-तीन फेरे नुसतं बेसिक करत समोरच्याचं वजन कुठे जातंय ते बघ. बचातात पण तेच, डॉमिनिकन पद्धतीत पायांचं काम जास्त, सेन्शुअल ही स्पेनकडून आलेली, त्यात बॉडी वेव्ह आणि खूप जवळचा होल्ड. जवळचा होल्ड नको असेल तर हाताने अंतर ठेव, चांगल्या लीडला, म्हणजे इशारे देणाऱ्या पार्टनरला, लगेच कळतं. ज्याला कळत नाही त्याच्याबरोबर गाणं पूर्ण करायची सक्ती नाही.

हे जरा ठासून सांगते. ‘आत्ता नको, थँक्यू’ एवढं पुरतं, कारण द्यायचं नाही. खांदा ओढला, जोरात डिप दिला म्हणजे मागे झुकवलं तर तिथल्या तिथे बोल. फ्लोअरवर न विचारता शिकवायला लागणारे महाभाग प्रत्येक शहरात सापडतात, त्यांना हसून ‘मी फक्त नाचायला आलेय’ म्हण. कुणी खरंच त्रास दिला तर आयोजकांना सांग, आणि ते कसं वागतात त्यावरून ठरव की परत तिथे जायचं की नाही. माझ्या मते जागा निवडताना म्युझिकच्याही आधी हे बघावं.

कधी टँगोला गेलीस तर तिथली रीत वेगळी. मिलोंगामध्ये, म्हणजे टँगोच्या सोशलमध्ये, लांबूनच नजरेने विचारतात, नजर मिळाली की मान हलवायची, नको असेल तर दुसरीकडे बघायचं, संपला विषय (मला तर ही पद्धत सगळीकडे हवी होती). तीन-चार गाण्यांचा एक तांदा असतो आणि तो संपेपर्यंत त्याच पार्टनरबरोबर राहतात. सगळे घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असतात, मधून चालत जाऊ नकोस.

ठिकाणं शोधायला शहराचं नाव आणि सालसा टाकून फेसबुक, इन्स्टाग्रामवर बघ, पण शेवटची पोस्ट कधीची ते तपास, बंद पडलेल्या सोशलची पेजेस तशीच असतात. एकच साप्ताहिक सोशल धर आणि सलग महिनाभर तिथेच जा, रोज नवी जागा केलीस तर चेहरे लक्षात राहत नाहीत, ना तुझ्या ना त्यांच्या. पहिली रात्र बोअर गेली म्हणून शहरावर फुली मारू नकोस. परतीची शेवटची गाडी किती वाजता ते आधी बघून ठेव. एक जास्तीचा टीशर्ट, डिओ. आणि स्वेडच्या, म्हणजे मऊ खरबरीत चामड्याच्या, सोलचे शूज घेऊन जा, रबरी सोलवर टर्न घेताना पाय अडकतो आणि गुडघा पिळला जातो. शूज चेक-इनच्या सामानात टाकू नकोस, बॅग उशिरा आली तर पहिलाच वीकेंड जाईल.